नीट काढा

सेतुरामकाकांना आयुष्यात एकच गोष्ट बघायची होती: आपण काढलेल्या फोटोखाली छापलेलं आपलं नाव. कुंभकोणमच्या लॉजांच्या भिंतींवर, मिठाईच्या खोक्यांवर, दरवर्षीच्या कॅलेंडरांवर त्यांनी काढलेली देवळं आहेत. नाव मात्र कुठेही नाही. साठी उलटली तरी माणूस दिवसभर पासपोर्टचे फोटो काढत एका शटरच्या स्टुडिओत बसलेला.

मी पुण्याच्या एका प्रकाशनात पुस्तकं तयार करते. कावेरीकाठच्या देवळांवरच्या पुस्तकासाठी फोटो गोळा करायला दहा दिवस तिथे गेले होते. काकांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तिकडे गेले ते तिकडचेच झाले, घरी अजून मराठी बोलतात, असं कळलं म्हणून मी आधी त्यांचं दार गाठलं. त्यांनी मान वर करून विचारलं, "कसाला आलां?"

कशाला आलात! पाहुण्याला असं विचारण्याचा मक्ता पुण्याकडे आहे अशी माझी समजूत होती. मी तोडीस तोड उत्तर दिलं. तोवर आतून फिल्टर कॉफी आली आणि माझ्या लक्षात आलं, त्यांना फक्त काम काय ते विचारायचं होतं. त्यांच्या मराठीत तो साधा प्रश्न आहे. आपली भाषा एकच असल्याने घोटाळे होतात, हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं.

कामात मात्र हा माणूस उस्ताद. देऊळ खालून टिपलं की गोपूर मागे कलल्यासारखं दिसतं, ते काका कॉम्प्युटरवर ताठ उभं करत. तारा, बोर्ड, डिशच्या छत्र्या बेमालूम पुसत. आभाळ मात्र कधी बदलत नसत. "देवाचं देऊळ नि उसनं आभाळ? नोको," म्हणत. गर्दी घालवायची त्यांची युक्ती साधी होती. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवायचा, तासाभरात वीसेक फोटो घ्यायचे आणि एकावर एक ठेवून रिकामी रिकामी जागा उचलायची. माणसं हलतात, देऊळ हलत नाही. जो हलतच नाही त्याला हाताने पुसायचं. "आणि शेवटी सावली," ते बोट नाचवून सांगत. "माणूस असके पुसतात, अक्का. सावली विसरतात." असके म्हणजे सगळे.

मुखपृष्ठासाठी आम्ही त्यांचा जवळच्याच दारासुरमच्या देवळाचा फोटो निवडला. कोवळ्या उन्हात देऊळ मधासारखं दिसत होतं. डाव्या कडेला एक बाई होती तेवढी. रेशमाचा ताणा रस्त्यावर लांबच लांब पसरून, कमरेत वाकून, एका हातात काठी धरून ती दोरे सारखे करत होती. त्रिपुरसुंदरी तिचं नाव, हे मला नंतर कळलं. त्या गल्लीतल्या विणकरांपैकी एक. रोज सकाळी तासन् तास ती तिथेच असते, त्यामुळे वीस फोटोंच्या युक्तीने ती जात नाही. काकांनी आजवर दरवेळी तिला हाताने पुसलं होतं. तिच्या कोपराचा कोन त्यांना पाठ होता, पण नाव विचारायची वेळ कधी आली नव्हती.

मी घाईत होते. तंजावरची बस पकडायची होती. दारातूनच म्हणाले, "काका, त्या बाईंना नीट काढा. काही राहू देऊ नका!"

तीन दिवसांनी परतले तर काका लग्नघरासारखे खुशीत. मला खुर्चीत बसवलं आणि एकेक फोटो दाखवायला लागले. त्रिपुरसुंदरीचा चेहरा. त्रिपुरसुंदरीचे हात. बोटांना पडलेले घट्टे. ताण्यामागून तिचं हसू. एकूण त्रेसष्ट फोटो!

"असकं काढलों," काका म्हणाले. "काय पण राहू दिलों नाही. पहिल्या दिवशी लेकीच्या लग्नातली साडी नेसून आली. मी म्हणट्लों, नोको, रोजची नेस. पुस्तकाच्या वर येणार म्हणून गल्लीत असक्यांला सांगट्ली ती."

मी चिडले. फोटो छान होते म्हणून जास्तच चिडले. "अहो, काढा म्हणजे पुसा! फोटोतून काढून टाका!"

काकांचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू उतरलं. "तुम्ही नीट काढा म्हणट्लां," ते म्हणाले. "तीस वर्षांत कोण पण असं म्हणट्लं नाही. मला वाटलं, पुण्याची माणसं बरी आहेत."

तोंडात मारल्यासारखं झालं. चूक माझी होती, जिभेची आणि घाईचीही. मी तिथूनच प्रकाशनाच्या मालकांना स्पीकरवर फोन लावला आणि बाईंना राहू द्या म्हणून गयावया केली. मालक शांतपणे म्हणाले, मुखपृष्ठावर माणूस नको, जमत नसेल तर दुसऱ्या कुणाचा फोटो घेऊ. काकांना पुण्याची मराठी तेवढी नक्की समजत होती. त्यांनी 'दुसऱ्या कुणाचा' ऐकलं.

"माझं नाव येणार ना?" त्यांनी विचारलं.

"आत, दुसऱ्या पानावर. सगळ्यात वर."

ते कॉम्प्युटरसमोर बसले. फोटो मोठा केला. शेजारच्या दगडाचा तुकडा उचलून तिच्या पदरावर ठेवला, मग खांद्यावर. तीन दिवस तिच्याशी बोलून आलेला माणूस तिला तिळातिळाने पुसत होता. मला बघवेना. मी बाहेर जाऊन रस्त्यावर उभी राहिले. बोलावलं तेव्हा फोटो तयार होता. देऊळ, ऊन आणि लख्ख मोकळा रस्ता. काकांनी विचारलं, "नीट काढलों ना?" मी मान हलवली आणि त्यांच्याकडे न बघता फाईल घेतली.

पुस्तक छापून झाल्यावर पहिल्या गठ्ठ्यातली एक प्रत मी काकांना पाठवली. आठवड्याने त्यांचा फोन आला. मी भीतभीतच विचारलं, "काका, त्या बाईंना काय सांगितलंत?"

"पुस्तक जवळ आहे काय? डावीकडे, खालती बघा."

मी पुस्तक ओढलं. हे मुखपृष्ठ मी शंभरदा तपासलं होतं, मालकांनी तपासलं होतं, छापखान्यानेही. डाव्या कोपऱ्यातून देवळाकडे एक लांब सावली गेली होती. झाडाची असेल म्हणून आम्ही सगळ्यांनी सोडून दिलेली. आता बघते तर ती कमरेत वाकलेली होती आणि तिच्या हातात काठी होती. त्या रस्त्यावर बाई नव्हती. तिची सावली होती.

"काका," मला हसू आलं नि डोळेही भरले, "सावली विसरलात!"

"विसरलों नाही," काका म्हणाले. "पार्सल आलं तसं फोडलों नि गाडीला टांग मारून दारासुरमला गेलों. ती बघट्ली, बोट ठेवट्ली नि म्हणट्ली, ही मीच. दुसरं कोण इतकं वाकतंय? अत्ता घरोघरी दाखवत फिरते आहे."

मी डोळे पुसले. "आणि दुसरं पान? तुमचं नाव कसं छापलंय? अक्षर मोठं घ्यायला लावलंय मी."



"ते बघायचं राहिलं, अक्का," काका म्हणाले. "पुस्तक तिच्याकडेच आहे."