कर्तेपण जपणाऱ्या कुंदाताई

कुंदाताई पेठकर यांना मी प्रथम पाहिले ते बोर्ली पंचतनच्या शाळेत. माझे वडील तिथे शिक्षक होते आणि मी नववीत होते. श्रीवर्धनहून एक बाई परदेशी सिनेमा घेऊन येणार आहेत, एवढेच आम्हाला ठाऊक होते. वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. सिनेमाची भाषा कुणालाच कळत नव्हती. कुंदाताई पडद्याशेजारी उभ्या राहून मराठीत सांगत होत्या. तो संपल्यावर त्यांनी विचारले, "हा सिनेमा कुणाचा?" कुणी नायकाचा म्हणाले, कुणी नायिकेचा. "कॅमेरा कुठे ठेवायचा आणि कधी उचलायचा हे जिनं ठरवलं, तिचा," असे म्हणून त्यांनी दिग्दर्शिकेचे नाव फळ्यावर लिहिले आणि आमच्याकडून म्हणवून घेतले. नाव उच्चारायला अवघड होते. सिनेमाला कर्ता असतो आणि ती बाई असू शकते, हे मला त्या दुपारी कळले.

पुढे मी संकलन शिकले आणि त्यांच्या चित्रपटांचे तुकडे जोडण्याचे काम माझ्याकडे आले. त्याआधीची एक हकिकत त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांकडून ऐकली. त्यांच्या पहिल्या चित्रपटातली नायिका शेवटी घर सोडून जाते. निर्मात्यांनी परस्पर शेवट बदलून तिला उंबऱ्यावर परत आणली. कुंदाताईंनी आपले नाव काढून टाकायला सांगितले.

"मॅडम, नाव राहू द्या," निर्माते म्हणाले. "बाईने केलेला सिनेमा म्हटलं की पोस्टरला उठाव येतो."

"नाव माझं आणि शेवट तुमचा, हे कसं जमायचं?" एवढे बोलून त्या उठल्या.

चित्रपट त्यांच्या नावाविना लागला आणि चांगला चालला. त्यांना मात्र बरीच वर्षे काम मिळाले नाही. त्या श्रीवर्धनला माहेरच्या घरी परतल्या आणि गावोगावी देशोदेशीच्या दिग्दर्शिकांचे चित्रपट दाखवू लागल्या. आमच्या शाळेतला खेळ त्याच काळातला. त्या दिवसांबद्दल मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाल्या, "वाईट वाटलं. पण सिनेमा चालला हे बरं झालं. नटमंडळींनी फार मेहनत घेतली होती."

'महिला दिग्दर्शक' या बिरुदाचे त्यांना कौतुक नव्हते, रागही नव्हता. नागावच्या एका शिबिरात कुणीसे विचारले, "बाई म्हणून तुमचा सिनेमा वेगळा होतो का?" त्या म्हणाल्या, "उजेड सगळ्यांवर सारखाच पडतो. तो वापरायला वेळ मात्र आम्हाला कमी मिळतो." माझी मुलगी तान्ही असताना या वाक्याचा मला अनुभव आला. मी आत संकलन करीत असे आणि कुंदाताई बाहेर सुपारीच्या झाडांखाली तिला मांडीवर घेऊन बसत. कुणी त्यांना फोनवर संकलनाबद्दल प्रश्न विचारला, तर "ते तिला विचारा" म्हणून फोन माझ्या हाती देत.

त्यांच्या कर्तेपणाची खरी कसोटी घरातच लागली. थोरल्या बहिणीवर, नलूअक्कांवर, त्यांनी माहितीपट केला. अक्कांचे यजमान घर सोडून गेले आणि अक्कांनी एकटीने सुपारीची वाडी सांभाळली, असा तो चित्रपट. परदेशातल्या एका महोत्सवाने तो निवडलाही. पाठवण्यापूर्वी अक्कांना घरी दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला.

"अगो कुंदे," त्या म्हणाल्या, "ते गेले नाहीत. मी त्यांना जा म्हटलं. ते मी कॅमेऱ्यासमोर बोलले होते. कुठंय ते?"

"काढलं. त्याविना परिणाम जास्त होतो."

"परिणाम तुझा होतो. मी बिचारी ठरते."

"सिनेमा माझा आहे, अक्का."

"असू दे. त्यातली बाई मी आहे ना?"

दोघी बहिणींचे बोलणे थांबले. अक्का कुंदाताईंचे दुपारचे ताट त्यांच्या खोलीच्या दाराशी ठेवून निघून जात. कुंदाताईंनी माझे मत विचारले, तेव्हा मी अक्कांचे ते बोलणे वगळलेली छोटीच प्रत बरी म्हटले. आजही मला तीच अधिक बांधीव वाटते. कुंदाताईंनी ऐकून घेतले आणि काही दिवसांनी म्हणाल्या, "माझ्या नायिकेला निर्मात्यांनी उंबऱ्यावर परत आणलं. मी अक्काला उंबऱ्यावर रडत बसवलं. फरक काय?" अक्कांचे ते बोलणे आम्ही परत जोडले. महोत्सवाला लांबलेली प्रत मान्य झाली नाही. कुंदाताईंनी चित्रपट मागे घेतला.

त्याचा पहिला खेळ श्रीवर्धनच्या वाचनालयात झाला. अक्का पुढच्या खुर्चीवर होत्या. दिवे लागल्यावर बहिणीकडे न बघता म्हणाल्या, "आता ठीक आहे. केस मात्र फार पांढरे दाखवलेस." कुंदाताई हसल्या आणि मग त्यांना डोळे पुसावे लागले. मी त्यांना इतरत्र कधी रडताना पाहिलेले नाही.

आज पंचाहत्तराव्या वर्षी त्यांचे गुडघे कुरकुरतात आणि नवा चित्रपट अर्ध्यावर आहे. त्यांच्या गुडघ्यांना बळ लाभो, नजर अशीच स्वच्छ राहो आणि हाती घेतलेले प्रत्येक काम त्यांना हवे तिथेच संपवण्याइतके निरामय आयुष्य त्यांना मिळो. अक्कांनाही मिळो, कारण सिनेमाच्या शेवटाला त्यांची संमती लागेल.