लाल्ला इत्तोची साखर

खोऱ्यातल्या मुलींच्या वसतिगृहात नवी मुलगी आली, की इत्तो तिला वह्या-पुस्तकं दाखवत बसायची नाही. थेट स्वयंपाकघरात न्यायची. समोर साखरेची ढेप ठेवायची, निळ्या कागदातली, दोरा बांधलेली, टोकदार. हातात पितळी हातोडी द्यायची आणि म्हणायची, "फोड." पोरगी बिचारी खुशीत हातोडी उचलायची. मग इत्तो तिचं मनगट घट्ट धरायची. "कुणाची आहे विचारलंस? कशाला आणली विचारलंस? मग हात कसा उचललास?"

पोरी रडकुंडीला यायच्या. शहरातून पाहणीला आलेल्या एका बाईंना हे फार रानटी वाटलं. वाटू दे. त्यांना काय माहीत? त्या खोऱ्यात मागणी घालायला येणारे साखरेच्या दोन ढेपा घेऊन येतात. मुलीनं त्यातली एक आपल्या हातानं फोडली आणि त्या साखरेचा चहा पाहुण्यांना दिला, की झाला तिचा होकार. तोंडानं तिला कुणी काही विचारत नाही. चहा झाला की पुरुषमाणसं हात पसरून फातिहाची प्रार्थना म्हणतात, आणि त्यानंतर मागं फिरणं म्हणजे दोन घरांचं जन्माचं वैर. कोर्टाचा कागद काय, होतो सावकाश.

इत्तोची ढेपही इत्तोनंच फोडली होती, भावल्या खेळायच्या वयात. पाहुणे आलेत, साखर फोड, असं आई म्हणाली आणि हिनं फोडली. सासरी काय काय झालं ते ती कधी सांगत नाही. डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही, एवढं मात्र सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. तिथून सुटून ती वसतिगृहात भांडी घासायला लागली, आणि आता सगळ्या किल्ल्या तिच्याच कमरेला असतात, आणि सगळे तिला लाल्ला, म्हणजे बाईसाहेब, म्हणतात.

तूदा ही तिच्या पोरींपैकी एक. आली तेव्हा मान वर करायची नाही, नाव विचारलं तर दाराकडे बघायची. इत्तोनं तिला रोज बाजारात पाठवलं, भाजीवाल्याशी भांडायला. आधी रडत परत यायची, मग गप्प परत यायची, आणि एक दिवस भाजीवालाच तक्रार घेऊन आला. त्या दिवशी इत्तोनं सगळ्यांना मधाची धिरडी घातली. आता तूदा लहान पोरींना गणित शिकवायची, आणि तिची मोठी परीक्षा तोंडावर आली होती.

अशात बाजाराच्या दिवशी तिचा बाप बास्सू आला. राभा, म्हणजे तूदाची आई, अंथरुणाला खिळलीय म्हणाला. आईच्या आजारपणाला नाही कसं म्हणायचं? इत्तोनं पोरीला जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव घेऊन आलेला गाडीवाला सहज बोलून गेला, की हाज मिमूनला आणि त्याच्या पुतण्याला साखरेच्या ढेपांसकट वर बास्सूच्या गावी सोडायचंय, फाटकाबाहेर गाडीतच बसलेत ते. ढेपा म्हणजे तूदाला मागणी, हे इत्तोला लगेच कळलं. हाज मिमूनचा मुलगा तिशी ओलांडलेला. पहिली बायको त्याला सोडून माहेरी पळाली होती, आणि का पळाली ते सगळ्यांना माहीत असून कुणी चकार शब्द काढत नव्हतं. का काढतील? अर्ध्या खोऱ्याची अक्रोडाची झाडं हाजची, शिवाय हज करून आलेला म्हणून मान वेगळाच.

ती तशीच गाडीत मागे जाऊन बसली. वाटेत गाडी थांबली तेव्हा दुकानातून तिनं साखरेची एक ढेप घेतली. आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत, हात आपसूकच गेला. ही आपण घोडचूक केली, असं तिला पुढं वाटत राहिलं.

दारात राभाच उभी होती. चांगली ठणठणीत, डोळ्यांत काजळ. इत्तोकडे न बघताच तिनं ढेप घेतली आणि हाजच्या दोन ढेपांशेजारी नेऊन ठेवली. तिन्हींचा कागद सारखा, दोरा सारखा. इत्तोला स्वतःचाच संताप आला. मोडायला आले होते आणि साखर घेऊन आले, गाढव मी!

बास्सूचा चेहरा पडला, पण दारात आलेल्या पाहुण्याला हाकलायची त्याची टाप नव्हती. त्यानं तिला दाराजवळ बसवलं. समोर हाज आणि त्याचा पुतण्या. उघड काही बोलावं, तर चारचौघांत बास्सूचं नाक कापल्यासारखं होणार आणि तो चिडून पोरगी आत्ताच देऊन मोकळा होणार. गप्प बसावं, तर आत पोरगी एकटी. जरा चुलीपाशी मदत करते, म्हणून इत्तो उठली. बास्सू गोड आवाजात म्हणाला, "बसा हो, लाल्ला. पाहुण्यांनी चुलीपाशी जायचं नसतं."

ती बसली. हाज अक्रोडाच्या पिकाबद्दल बोलत होता. तेवढ्यात आतून आवाज आला. ठक. थांबून पुन्हा ठक. इत्तोनं उजवा कान तिकडे वळवला. साखरच फुटत होती. हाजनं दाढीवरून हात फिरवला. इतकी वर्षं मनगटं धरली ती फुकटच गेली म्हणायची.

तूदा चहा घेऊन आली. उंचावरून पेल्यांत ओतला, फेस आला. तिनं इत्तोकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आत गेल्यावर हाजनं घोट घेतला. "गोड हात आहे पोरीचा," तो म्हणाला आणि त्यानं फातिहासाठी तळवे पसरले. बास्सूनं पसरले. पुतण्यानं पसरले. इत्तोचे हात मांडीवरच राहिले. आता काय व्हायचं ते होवो, बोलायचंच, म्हणून तिनं तोंड उघडलं.

पण तूदा पुन्हा दारात आली होती. हातात मोठं तबक, त्यात दोन ढेपा. दोराही सुटलेला नव्हता.

"हाज, ही तुमची साखर," ती म्हणाली. मान वर होती. "मी फोडलेली नाही. तुम्ही प्यालात तो चहा लाल्लांच्या साखरेचा."

हाजचे तळवे तसेच राहिले. मग त्यानं ते हळूहळू खाली घेतले. "बास्सू, तुझ्या घरात कोण बोलतं?" त्यानं विचारलं. हाजनं पुतण्याला खूण केली. त्या पोरानं ढेपा काखेत मारल्या आणि दोघं सगळ्या गावादेखत उतारावरून चालते झाले.

बास्सू उठला. त्याचा हात कमरेच्या पट्ट्याकडे गेला. तूदा भिंतीला टेकली, पण पळाली नाही. इत्तो गुडघे धरत उठली आणि मध्ये उभी राहिली.

"आधी मला मार," ती म्हणाली. "डावीकडून मार हां. तिकडचं आधीच गेलंय."

बास्सू तिच्या त्या कानाकडे बघत राहिला. पट्टा हातात होता, पण हात वर झाला नाही. मग तो कुणाकडेही न बघता चपला शोधायला लागला. "घेऊन जा तिला," तो दाराबाहेरून म्हणाला. "मी मेंढ्या घेऊन परत यायच्या आत."

त्यानं पट्टा उगारला असता तर त्याला अडवणारं त्या गावात कुणी नव्हतं. म्हणून त्याची एवढी माघारही इत्तोला मोठी वाटली, आणि तसं वाटल्याचा रागही आला.

राभानं पोरीच्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं. मग ती तूदाच्या डोक्यावरचा रुमाल नीट करत राहिली, तो नीट होता तरी.

उताराला लागलेल्या दुसऱ्या एका गाडीत इत्तोला राहवेना. तिन्ही ढेपा अगदी सारख्या होत्या, मग माझी कोणती हे कसं ओळखलंस, असं तिनं विचारलं.

"मी नाही ओळखली," तूदा म्हणाली. "आईनं दाखवली. बोटानंच."

इत्तोनं मागे वळून गावाकडे पाहिलं. त्या बाईनं आजारपणाचं सोंग घेतलं म्हणून दारात पाहिल्यापासून इत्तोनं मनातल्या मनात तिला किती शिव्या घातल्या होत्या.

मग तूदानंच विचारलं. हळू आवाजात, आणि नेमकं डाव्या बाजूनं. इत्तोनं मान वळवली, तेव्हा तिनं पुन्हा विचारलं, "लाल्ला, तुम्ही फोडलीत तेव्हा कशी लागली होती ती साखर?"

"गोड होती गं," इत्तो म्हणाली. "दुसरा तुकडा मीच मागून घेतला होता."