अंबाडीवरचं तेल

ताडकळसच्या फाट्यावर मला एसटीत बसवताना माय रडली नाही. भाकरी-भाजीचं फडकं मांडीवर ठेवलं आणि कानात म्हणाली, "नाव इचारलं तर नुस्तं अनुसया म्हन. म्होरचं गिळ."

बायांनो, तुम्ही गावाकडंच राहिलात, माझ्यासारख्या कितीतरी जणी निघून आल्या. ते दिवस तुम्हाला काय सांगायचे? नामांतराचा पहिला भडका होता. विद्यापीठाच्या नावावरून माणसं फिरली होती, आमच्या बौद्धवाड्यातली चार घरं आठवड्यापूर्वीच जळाली होती. वयात आलेली पोर म्हणून मला पुण्याला मावशीकडं धाडली. माय मागं राहिली. ज्यांच्या भीतीनं झोप उडालेली, त्यांच्याच रानात ती खुरपायला जायची, आणि तिथूनच ओच्यात घालून आणलेली अंबाडी माझ्या फडक्यात होती.

शेजारी एक बाई येऊन बसली. अंगावर इरकल, हातात पितळी डबा.

"कोनाची ग तू?"

"गढीवरल्या पाटलाची भाची." कुठून सुचलं कुणास ठाऊक!

बाईची कळी खुलली. "बघू मामीनं काय दिलंय," म्हणत तिनं फडकं सोडलंसुद्धा. आत अंबाडी. ज्वारीच्या कण्या, मीठ, ठेचलेली मिरची, बस्स. खात्यापित्या घरात तिच्यावर लसणाच्या फोडणीचं तेल ओततात, हे मला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्याच्या चुलीपर्यंत आमची मजल कधी गेली होती?

"पाटलाच्या घरी तेलाचा तोटा पडला का ग?"

तेवढ्यात गाडी थांबली. काठ्या घेतलेले चौघे चढले आणि एकेकाला नाव विचारायला लागले. बाईनं माझ्याकडं बघितलं, भाजीकडं बघितलं, आणि फडक्याची गाठ करकचून मारली.

"ही कोन?"

"अनुसया," मी म्हणाले.

"म्होरं?"

मी फडक्याची गाठ मुठीत धरली. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गढीवरल्या पाटलाची भाची हाय म्हनं. उतरा आता, मला उशीर व्हायलाय."

ते उतरले. परभणी येईपर्यंत बाई पदर मात्र माझ्या अंगाला लागू नये म्हणून आवरून बसली. ती बाई चांगली की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुण्यात मावशीची खानावळ होती. मंडईत घोळ, पाथरी असल्या रानभाज्या मागितल्या की भाजीवाली म्हणायची, "हे कुठलं हो?" मग मी वहीच्या कागदावर पान काढून न्यायला लागले. देठ, शिरा, कड, सगळं. चित्रकलेची माझी शाळा ती एवढीच. खानावळीत जेवणाऱ्या एका मास्तरांनी ती चित्रं एका मासिकाला दिली, आणि माझ्या कृती छापून यायला लागल्या. 'अनुसयाबाईंच्या शाकाहारी पाककृती.' म्होरचं मी गिळतच होते. वाचक बाया पत्रातून हळदीकुंकवाची आमंत्रणं द्यायच्या. मी काही ना काही कारण सांगून टाळायचे.

सोळा वर्षांनी विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला, त्याच सुमारास माझं पुस्तक निघायचं ठरलं. प्रकाशिका म्हणाली, "आडनाव कशाला? नुसतं अनुसयाबाई गोड वाटतं. सोमवारपर्यंत सांगा." मी पुस्तकासाठी रंगवलेली चित्रं घेऊन गावी गेले. नावावरून पुन्हा वातावरण तंग होतं, पारापाशी पोलिसांची गाडी उभी होती.

मायला वाचता येत नव्हतं. तिनं घोळ ओळखली, पाथरी ओळखली. शिजवलेल्या अंबाडीच्या चित्रावर मात्र थांबली.

"ही कुनाच्या घरची ग?"

"आपलीच, माय."

"आपल्या भाजीवर तेल कवा तरंगलं?"

मी बघितलं. भाजी चकाकत होती, कडेनं लसूण. काढताना माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. सोळा वर्षं माझा हात त्या एसटीतल्या बाईसाठीच तेल ओतत होता.

"गिळ म्हणून तूच सांगितलं होतंस," मी चिडूनच म्हणाले.

"जित्ती ऱ्हावी म्हनून सांगितलं व्हतं. भाजी खोटी काढ म्हनून न्हाई."

"नाव टाकलं, गावाचं नाव छापलं, आणि तुला कुणी काही केलं तर?"

"रोज त्यांचंच रान खुरपायलेय मी. मी कोन हाय ते त्यान्ला पुस्तक सांगनार व्हय?" म्हणाली आणि चुलीपुढं बसली.

तिनं भाजी केली, मी उंबऱ्यात बसून पुन्हा काढली. सोमवारी पोस्टातून फोन लावला: अनुसया मारोती वाघमारे, खाली गावाचं नाव. प्रकाशिका एवढंच म्हणाली, "कळवते." तीन आठवडे काही कळलं नाही. पुस्तक गेलं, असंच मी धरून चालले होते. आलं शेवटी. आडनाव बारीक अक्षरात, पण आलं.

आता माय नाही. गावात आमच्या घराला दुसऱ्याचं कुलूप आहे. पुण्यात माझ्याकडं तेलाचा डबा भरलेला असतो, बाकीच्या भाज्यांना चांगली चरचरीत फोडणी देते. तरी अधूनमधून एखादी वाचक कळवतेच, "अंबाडीत फोडणी द्यायची राहिली आहे, पुढच्या वेळी दुरुस्त करा."

मी उलटटपाली कार्ड टाकते. राहिली नाही, बाई. आमच्या घरी अशीच करतात. खाली सही करते, पूर्ण नावाची, गावासकट.