तबल्यासमोरचा कूलर

गारखेड्यातल्या आमच्या घरी वर्षातून दोनदा, रविवारी सकाळी गाण्याची बैठक व्हायची. घर काही मोठं नव्हतं. पुढच्या आणि मधल्या खोलीतलं दार बिजागरीतून काढून गच्चीवर नेऊन ठेवलं की चाळीस माणसं मांडीला मांडी लावून बसत. हे जिल्हा परिषदेत कारकून, मी शाळेत शिक्षिका. गायक कुणीही असो, तबल्यावर हे, तंबोऱ्यावर मी, आणि पोह्यांच्या पातेल्यावरही मीच. बैठकीचं कौतुक ह्यांच्या वाट्याला यायचं आणि काळजी माझ्या. पण ही बैठक मोडावी असं मला कधी वाटलं नाही. त्या वर्षी मात्र वाटलं.

कारण ह्यांचा उजवा हात. दिवाळीनंतर तो थरथरायला लागला होता. सारखा नाही, मधूनच. हे चहाचा कप डाव्या हातात धरू लागले, सही करताना मनगट टेबलाला टेकवू लागले. विचारलं तर म्हणायचे, "थंडीनं होतं." आता एप्रिल लागला होता आणि औरंगाबादच्या एप्रिलमध्ये थंडीचं नाव काढणं म्हणजे कमालच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्याही माझ्यापासून लपवून कपाटात, इस्त्रीच्या शर्टांखाली.

आणि येणार होते हैदराबादचे बुवा. त्यांचे वडील आणि माझे सासरे निजामाच्या काळात हैदराबादेत एकाच दफ्तरात होते. पोलीस ॲक्शननंतर सासरे इकडे आले, ते तिकडेच राहिले, पण जाणंयेणं तुटलं नाही. बुवांना ह्यांनी वीस वर्षं साथ केली होती. मी म्हणाले, "यंदा दुसरा तबलजी बोलावू." हे म्हणाले, "माझ्या घरात, बुवांना, दुसऱ्याची साथ?" त्यानंतर दोन दिवस अबोला. मीही कमी हट्टी नाही, पण तिसऱ्या दिवशी मीच बोलले. मला दिसत होतं ते एकच: चाळीस ओळखीची माणसं आणि त्यांच्यासमोर ह्यांचा हात.

बैठकीच्या दिवशी सहाला उठले. नळाला तीन दिवसांनी पाणी यायचं, म्हणून साठवलेल्या पाण्यातून दोन बादल्या खास कूलरसाठी राखून ठेवल्या होत्या. त्या ओतल्या, कूलर लावला. म्हटलं, माणसं येईपर्यंत खोली गार होईल. मग पोहे, शेंगदाणे, बुवांच्या अंघोळीचं पाणी, आणि डोक्यात सतत तो हात. पावणेआठला हे अंघोळ करून पुढच्या खोलीत गेले आणि तिथूनच हाक आली, "अगं, कूलर कोणी लावला?"

आमच्या मुलीलासुद्धा अगदी लहानपणापासून ठाऊक होतं, की तबला बाहेर असला की कूलर बंद. ओल्या हवेनं पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, ढिली पडते, सूर उतरतो. आणि मी, पंधरा वर्षं बैठका सांभाळणारी, गादीवर मांडलेल्या तबल्यासमोर पावणेदोन तास कूलर लावून ठेवला होता. ह्यांनी पुडीवर बोट मारलं. मडक्यावर मारावं तसा आवाज आला.

बुवांचा सूर पेटीवरची काळी एक. दुसरा तबला होता तो बायकांच्या वरच्या सुराचा, त्याचा उपयोग नव्हता. कूलर बंद करून ह्यांनी तबला गच्चीवर नेला, उन्हात फिरवून फिरवून धरला. मी मागे उभी राहिले. माफी मागावी असं वाटत होतं आणि तोंडून निघालं ते, "तुम्ही तरी झाकून ठेवायचा." हे तबला उन्हात फिरवत राहिले.

माणसं जमली. फुलंब्रीहून पहिल्या गाडीनं येणारे एक शेतकरी श्रोते दरवेळी सगळ्यात पुढे बसत. आत येताच म्हणाले, "वहिनी, लई गार वाटायलंय बघा इथं." मी कशीबशी हसले.

बुवांनी सूर लावला. मी त्यांच्या मागे तंबोरा घेऊन बसले होते, डोळे ह्यांच्या हातावर. आलाप होईपर्यंत तबला पुन्हा उतरला होता. ह्यांनी हातोडी घेतली. तबल्याच्या कडेला, चामड्याच्या वळलेल्या गजऱ्यावर नेमका ठोका द्यावा लागतो. पहिला बरोबर बसला. दुसऱ्याला हात थरथरला, हातोडी बोटभर आत पडली आणि पुडी टर्रकन फाटली.

माझी बोटं तारांवर चालू होती, एवढंच आठवतं. मग फुलंब्रीचे गृहस्थ हळूच म्हणाले, "कूलरनं घात केला. ओलीनं फाटलं ते." आणि सगळ्यांच्या माना डोलल्या. कुणीकुणी माझ्याकडे रागानं पाहिलं. पाहू दे, म्हटलं, ह्यांचा हात तर झाकला.

बुवा ह्यांना म्हणाले, "हातावर द्या ताल. मी बंदिश घेतो." ह्यांनी त्रिताल धरला. टाळी, टाळी, मग खाली, मग टाळी. टाळी पडते तेव्हा हात लपतो. पण खालीला टाळी नसते, पंजा नुसता हवेत उलटा उघडायचा असतो. तिथं तो दिसला. पानासारखा हलत होता. पुढच्या आवर्तनात खालीची मात्रा आली, आणि त्याच क्षणी बुवांनी स्वतःचा हात पुढे करून खाली दाखवली. गाता गाता गायक हात फिरवतोच, कुणाला काही वाटलं नाही. ह्यांचा पंजा मांडीवर राहिला. मग शेवटपर्यंत दर खालीला बुवांचाच हात उघडला.

पोहे खाऊन मंडळी गेली. बुवा आत आडवे झाले होते. मी मनात माफीची वाक्यं जुळवत पुढच्या खोलीत आले. हे फाटका तबला खोळीत घालत होते.

"कूलर लावलास, बरं केलंस," ते म्हणाले. खोळ वर ओढून म्हणाले, "आता पुडी नको बदलायला. राहू दे."

इतके महिने मला हेच ऐकायचं होतं. त्यासाठी भांडले होते, अबोला धरला होता. आणि ऐकलं तेव्हा मला ते नको झालं. मी म्हणाले, "राहू दे काय? उद्या शाळा सुटली की मी घेऊन जाते पुडी बसवायला."

हे खोळीची नाडी बांधू लागले. ती दोनदा सुटली. मग मी बांधली.