मुराळ्याची गाडी

रविवारी मी फोनवर बहिणीशी खोटं बोललो. "गाडी बंद शे, अक्का. यंदा तुले लेवाले येवाव नही." पलीकडून ती नुसतं "बरं" म्हणाली.

आमच्याकडे खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भावाने मुराळी होऊन बहिणीला माहेरी आणायचं असतं. माहेर म्हणजे आता जळगावातलं माझं दोन खोल्यांचं घर. अक्का सत्तरीची, पारोळ्याला असते. आईवडील गेल्यापासून मी एकदाही खाडा केला नव्हता. पण गेल्या पावसाळ्यात बायको गेली आणि खापरावर पुरणाचे मांडे टाकणारं घरात कुणी उरलं नाही. सणाला बहिणीला आणून काय खिचडी वाढायची? हे झालं सांगायचं कारण. खरं म्हणजे ते सुनं घर तिने बघावं, याचीच मला लाज वाटत होती.

गुरुवारी, आखाजीच्या आदल्या सकाळी, नेहमीसारखी गाडीची किल्ली फिरवली. नुसतं टकटकटक. देवाने माझं खोटं चार दिवसांत खरं करून दाखवलं.

मी जन्मभर पाटबंधारे खात्यात कारकुनी केली, पण अक्कल पाजळायला कोण अडवतं? स्टार्टर गेला, असं ठरवून टाकलं. बॅटरीच्या टोकांवर गरम पाणी ओतलं, बॉनेटला दोन थापा मारल्या. मग मुकाट्याने वायरिंगवाल्या भाईंना फोन केला.

भाई आले, आधी हॉर्न वाजवायला लावला. तो बकरीसारखा बेंबटला. दिवे लावले तर पिवळे. मीटर लावून म्हणाले, "स्टार्टर ठीक आहे नाना, बॅटरी उतरली." मग एक वायर सोडवून मध्ये मीटर धरलं, बंद गाडीत करंट कुठे गळत नव्हता. स्वतःच्या बॅटरीची केबल जोडून गाडी चालू केली, तर चार्जिंगही बरोबर. बॅटरी तर दिवाळीतच घेतलेली. भाई चक्रावले.

"चालवता किती?"

"चालवत नाही. पण काळजी घेतो ना. रोज सकाळी अंगणातच पाच मिनिटं चालू करून बंद करतो."

भाईंनी कपाळाला हात लावला. "नाना, तुम्हीच मारली हिला. स्टार्टला जेवढं जातं, तेवढं पाच मिनिटांत परत भरत नाही. रोज थोडं थोडं काढत गेलात."

मला राग आला. दहा महिने ती पाच मिनिटं एवढंच माझं ठरलेलं काम होतं. इंजिनाचा आवाज ऐकला की घरात कुणी आहे असं वाटायचं.

"आता बंद करू नका. तास-दीड तास हायवेला चालवा."

"जाऊ कुठे?"

"का? कोणीच नाही तुमचं?" भाईंनी केबल गुंडाळत सहज विचारलं.

मी घराला कुलूप लावलं आणि निघालो. पाळधी गेलं, एरंडोल गेलं. शेजारची सीट रिकामी होती, तिकडे बघायचं मी टाळत होतो.

पारोळ्यात अक्काच्या दारासमोर इंजिन चालू ठेवूनच हॉर्न दिला. अक्का बाहेर आली.

"बंद कर ना ती. च्या ले."

"बंद करी तं परत चालू व्हवाव नही," मी म्हणालो, आणि खिडकीतूनच सगळं सांगून टाकलं. रविवारी गाडी धडधाकट होती. खोटं बोललो. घरात मांडे करायला कोणी नाही.

"मी काय मांडा खावाले येस का रे?" ती खेकसली आणि आत निघून गेली. रागावली, आता येत नाही, असं मी धरून चाललो.

ती लगेच परतली. हातात गच्च भरलेली कापडी पिशवी. दार उघडून शेजारच्या सीटवर बसली, पिशवी मांडीवर घेतली.

"इतली लवकर कशी भरी?" मी विचारलं.

"सोमवारीच भरेल शे," ती समोर बघत म्हणाली.

न्यायला येत नाही, असं मी तिला रविवारी सांगितलं होतं.