तळहातात राहिलेला दोरा

उमरग्याच्या एका दवाखान्यातल्या कंपाउंडरनं मला फसवलं. माझ्या उजव्या तळहातात एका टाक्याचा दोरा आतच राहिला, ते त्याला दिसलं होतं, आणि तरी तो मला म्हणाला, "निघाले सगळे." गावातली माणसं म्हणतात, चूक झाली असंल, सोडून द्या. चूक कशाला म्हणायचं आणि फसवणूक कशाला, हे मला कुणी शिकवायला येऊ नये. माझं आयुष्य बैलबाजारात गेलंय.

माझा बाप दुसऱ्याची मेंढरं राखायचा. मी बाजारात लोकांच्या बैलांचे कासरे धरून उभा राहात राहात व्यापारी झालो. आमच्याकडचे जुने व्यापारी अजून टॉवेलखाली सौदा करतात. दोघांनी उजवे हात एकमेकांत द्यायचे, वर टॉवेल टाकायचा आणि बोटं दाबून किंमत सांगायची. भोवती माणसं दाटलेली असतात, पण आकडा त्या दोघांपुरताच. समोरचा तोंडानं हसत असतो आणि त्याचं बोट मात्र घाबरलेलं असतं. ते घाबरलेलं बोट ओळखण्यावर मी घर बांधलं. म्हणून या हाताबद्दल मी बोलतोय. पायाला लागलं असतं तर कदाचित इतका बोललो नसतो.

हात कापला तो पिकअपमधून बैल उतरवताना. बैल बुजला, कासऱ्याला हिसका बसला आणि माझा तळहात गाडीच्या मागच्या फाळक्याच्या फाटक्या पत्र्यावरून ओढला गेला. उमरग्याला नेईपर्यंत टॉवेल लाल झाला होता. डॉक्टरनी एकेक बोट हलवायला लावलं, शिरा शाबूत आहेत म्हणाले, टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. माणूस बोलायला स्पष्ट होता, ते मी नाकारत नाही.

"तोंडावरचे टाके लवकर काढता येतात," ते म्हणाले. "तळहात सारखा मिटतो, उघडतो. इथं घाई केली तर जखम पुन्हा उसवते. आणि फार उशीर केला तर दोरा कातडीत रुतून बसतो. मी सांगतो त्या दिवशी या."

"आणि तवर?"

"कोरडं ठेवा. हळद नको, तंबाखू नको, शेण तर नकोच. लाली पसरली, ठणका वाढला, पू दिसला, अंगात ताप आला, तर ठरल्या दिवसाची वाट बघू नका. त्याच दिवशी या."

मी हे सगळं पाळलं. आंघोळीच्या वेळी बायको हाताला प्लास्टिकची पिशवी बांधायची आणि वर दम द्यायची, "आवं, लेकरागत हात हलवू नका. बैल न्हाय पळून चालले." मी बाजार बुडवला, दारात बाजेवर बसून राहिलो. जखम छान सुकली. कडा जुळल्या, लाली ओसरली. डॉक्टरनी सांगितलेला दिवस आला तेव्हा मी सकाळीच उमरग्याला हजर होतो.

डॉक्टर नव्हते. नात्यातल्या लग्नाला गेले होते. मी बाकावर बराच वेळ बसलो, मग आवाज चढवला. चढवणारच. दिवस त्यांनीच दिला होता. कंपाउंडर आतून आला. वर्षानुवर्षं त्याच दवाखान्यात असलेला, तोंडात सुपारी, हसरा.

"शेठ, कशाला ओरडता? या आत. एवढं तर मीबी काढतो."

"डॉक्टर म्हणाले होते, मी काढतो."

"त्येच काढतेत हो लोकांसमोर. बाकी वेळंला कोण काढतं?"

त्यानं कात्री, चिमटा घेतला. एकेक गाठ कापून तो ट्रेमध्ये टाकत गेला. करंगळीच्या खालच्या टाक्याशी आला तेव्हा त्याचा हात थांबला. चिमटा त्यानं दोनदा आत घातला. मला कळ आली. त्यानं दाराकडं पाहिलं, जीभ टाळ्याला लावून चक् केलं, आणि मग भराभर स्पिरिट फिरवून पट्टी चिकटवली. ट्रे माझ्यापुढं धरला.

"मोजा, शेठ. तुमी व्यापारी माणूस. निघाले सगळे."

मी मोजल्या. गाठी बरोबर होत्या. मला पुढं कळलं की टाका काढताना गाठीखालची एकच बाजू कापायची आणि गाठीला धरून दोरा ओढून काढायचा असतो. यानं करंगळीखालच्या टाक्याच्या दोन्ही बाजू कापल्या होत्या. गाठ चिमट्यात आली, दोरा मांसात राहिला. म्हातारा बैल शिंगं रंगवून तरणा म्हणून उभा करतात, तशा त्या गाठी त्यानं माझ्यापुढं धरल्या. मी दुसऱ्याचे रंगवलेले बैल ओळखणारा, आणि मान डोलावून बाहेर पडलो.

थोड्या दिवसांनी करंगळीच्या खाली ज्वारीच्या दाण्याएवढा टणकपणा लागायला लागला. दाबलं की ठणकायचं. मी परत गेलो. डॉक्टर त्या दिवशी आतच होते, पडद्यामागं त्यांचा आवाज येत होता. कंपाउंडरनं मला पायरीवरच गाठलं.

"नवी कातडी हाय, ओढती. आत गर्दी हाय, कशाला ताटकळता? ह्या गोळ्या घ्या."

त्यानं माझ्या तळहाताकडं पाहिलंसुद्धा नाही. जी वस्तू बघायची नसते, तिच्याकडं माणूस बघत नाही. त्या गोळ्यांनी ठणका दबला, अंगातली कणकण दबली. मला वाटलं, बरं होतंय. आत काय चाललं होतं ते गोळ्या झाकत होत्या.

बायकोला आधी कळलं. जेवताना ती म्हणाली, "तुमच्या हाताला वास येतोय."

"बैलांचा असंल."

"बैलांचा वास मला ठाव न्हाय व्हय? ह्यो तो न्हाय."

मी ताट सारलं आणि उठलो. दुसऱ्या दिवशी मुरुमचा बाजार होता.

त्या बाजारात एक म्हातारा व्यापारी आहे. कानडी मुलखातला, कपाळाला भस्म, माझा जुना वैरी. त्याच्या बैलजोडीवर माझा डोळा होता. टॉवेल पडला, हात हातात गेले. मी बोट दाबलं. त्यानं उलट दाबायला माझी बोटं धरली आणि एकदम हात काढून घेतला.

भोवतीची माणसं आमच्याकडं बघायला लागली. सौदा चालू असताना टॉवेलखालून हात काढणं म्हणजे तोंडावर शिवी देण्यासारखं. माझं डोकं फिरलं.

"अप्पा, हात का सोडला? माझ्या हाताला काय महारोग झालाय?"

"ओरडू नको, तम्मा," तो म्हणाला. "हात तापलाय तुझा. तव्यागत. दाखीव."

"आकडा बोला आधी."

"आकडा जाऊ दे. दाखीव म्हणतो ना."

त्यानंच माझी मूठ उलटी केली. उन्हात मला पहिल्यांदा नीट दिसलं. करंगळीच्या खाली कातडी जांभळी, चकचकीत झाली होती, आणि तिथून एक लाल रेघ मनगट ओलांडून कोपराकडं निघाली होती. सकाळी ती नव्हती.

"सौदा न्हाय करत मी आज," म्हातारा म्हणाला. "तुला लुटायचं ते बऱ्या हातानं लुटीन. जा." त्यानंच त्याच्या ओळखीची जीप थांबवून मला बसवलं.

वाटेत मी बाही वर करून सारखा बघत होतो. रेघ सरकत होती की माझी भीती, देव जाणे. काखेत गोळा आला होता. थंडी वाजून दात वाजायला लागले, आणि बाहेर तर ऊन रखरखत होतं.

उमरग्याला डॉक्टरनी हात पाहिला आणि ग्लोव्ह चढवले. चीर दिली. पू आला, आणि पुवाबरोबर चिमट्याला काळा दोरा आला. त्यांनी तो दिव्याखाली धरला.

"ह्याची गाठ कुठंय?" ते म्हणाले.

कंपाउंडर ट्रे धरून उभा होता. त्यानं ट्रेकडंच पाहिलं. डॉक्टरनी त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेत सगळा हिशोब झाला, टॉवेलशिवाय. मग डॉक्टर माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "होतं असं कधी कधी."

सलाईन लागली, इंजेक्शनं झाली. हात वाचला. पण बोटं वाकवणाऱ्या शिरांपर्यंत पू गेला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता मिटत नाहीत. डॉक्टर सांगतात तसा कोमट पाण्यात व्यायाम करतो. काठीच्या काठीच राहतात. टॉवेलखाली मी आता अर्धे आकडे बोलू शकत नाही. व्यापारी सभ्यपणानं माझ्याशी तोंडी बोलतात, सगळ्यांच्या देखत, आणि तोंडी बोललेल्या किमतीत मला फायदा कधी सापडत नाही. ते म्हातारं तेवढं अजून टॉवेल टाकतं आणि माझी ताठ बोटं हळूच बाजूला सारून उरलेली धरतं. त्याचा मला जास्त राग येतो.

आता ऐकतोय की त्या कंपाउंडरनं दवाखाना सोडलाय आणि हायवेच्या कडेला स्वतःची खोली घेतलीय. दारावर लाल रंगात क्रॉस काढलाय. ड्रेसिंग करतो, टाके काढतो. परवा आमच्याच गल्लीतली बाळंतीण सिझरचे टाके काढायला त्याच्याकडं जाऊन आली. सासू कौतुकानं सांगत होती, "लई हलका हात. आन् गाठी मोजून दावल्या त्यानं."

मी त्या बाळंतिणीला त्याच पावली मोठ्या दवाखान्यात पाठवलं. त्या दोघी निघाल्या, पण सासू वाटभर मला शिव्या देत गेली.

म्हणून मी विचारतोय, चारचौघांत. कंपाउंडर, तुझा चिमटा त्या टाक्याशी थांबला तेव्हा तू दाराकडं का पाहिलंस? आणि पायरीवर मला का अडवलंस? आणि डॉक्टरसाहेब, गाठ कुठंय, हे तुम्हीच विचारलं होतं. उत्तर तुम्हाला त्याच घटकेला मिळालं होतं. मग तुम्ही त्याला कात्री घेऊन जाऊ कसं दिलंत? तुमच्या दोघांपैकी कुणीतरी माझ्यासमोर येऊन बोलावं. मी टॉवेल टाकणार नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला.