सॉर्टरसाहेबांचे खाने

सॉर्टरसाहेब बसून काम करत नसत. वसतिगृहाच्या कचेरीत त्यांच्यासाठी मी मुद्दाम एक गादीची खुर्ची मागवली होती. तिच्यावर त्यांनी शेवटपर्यंत फक्त आपली टोपी ठेवली. भिंतीला टेकवलेल्या लाकडी खान्यांसमोर ते पाय फाकवून उभे राहत आणि डाव्या हातातल्या गठ्ठ्यातलं एकेक कार्ड उजव्या हाताने ज्याच्या त्याच्या खान्यात टाकत. टाकताना त्यांचं अंग किंचित डावी-उजवीकडे डुलत असे. रेल्वेच्या टपालडब्यात, चालत्या गाडीत उभं राहून त्यांनी सगळी नोकरी पत्रं वेगळी करण्यात घालवली होती, आणि पायांना अजून जमीन स्थिर आहे याचा भरवसा आला नव्हता. वसतिगृहाच्या मुली दाराआडून त्यांची नक्कल करत. त्यांना ते ठाऊक होतं, पण त्यांनी कधी मागे वळून पाहिलं नाही.

त्यांचं नाव दिगंबरराव. पूर्णा हे रेल्वेचं गाव, त्यामुळे तिथे माणूस निवृत्त झाला तरी त्याचा हुद्दा निवृत्त होत नाही. साहेब ते कधीच नव्हते. साधे सॉर्टर होते, पण ‘साहेब’ त्यांना शोभायचं.

मी मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्थापिका म्हणून पूर्णेला आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. सरकारी अनुदान यायचं तेव्हा यायचं, तोवर मुलींच्या ताटातली भाकरी देणगीदारांच्या जिवावर. त्यांना वर्षाकाठी पत्रं पाठवायचं काम सॉर्टरसाहेब विनावेतन करत. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना माझी हुशारी ऐकवली. एक छान पत्र लिहू, त्याच्या प्रती काढू आणि यादीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी धाडू. त्यांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं.

“बाई, समद्यांना एकच खत म्हंजे ते कुणालाच न्हाई,” ते म्हणाले. “इकडं या. हे खाने बगा.”

मला वाटलं होतं, देणगीदारांच्या कार्डांचे हे खाने तालुक्यांप्रमाणे असतील किंवा देणगीच्या आकड्यांप्रमाणे. तसं काहीच नव्हतं. प्रत्येक खान्याखाली पाटीवरच्या खडूने एकेक शब्द लिहिला होता. ‘पगाराचे’ म्हणजे मास्तर आणि रेल्वेवाले. त्यांना पत्र महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोचलं पाहिजे, वीस तारखेनंतर ते नुसतं लाजवतं. ‘कापसाचे’ म्हणजे शेतकरी. सेलूच्या बाजारात कापूस गेल्याशिवाय त्यांना शब्दही लिहायचा नाही. ‘आठवणीचे’ हा खाना सर्वांत वरचा. कुणाची आई, कुणाची लेक गेलेली, तिच्या नावाने देणारे. त्यांना तिथीच्या आधी दोन दिवस पत्र मिळे आणि त्यात मागणं नसे. कोणती मुलगी कोणत्या वर्गात गेली, एवढंच असे. आणि अगदी खालच्या कोपऱ्यात ‘रुसलेले’.

“यांचं काय करायचं?” मी विचारलं.

“काही मागायचं न्हाई. पोरींची खबर देत राहायची. वरीस लागो, दोन लागो.”

“आणि तरी नाही बोलले तर?”

“तरी खबर द्यायची. आपली बाजू आपुन बंद करायची न्हाई.”

पत्र लिहायला बसले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: त्या घरात हे वाचणार कोण? यजमान निरक्षर असला आणि चौथीतली नात वाचून दाखवणार असली, तर ते जोडाक्षरं शोधून शोधून काढायचे. माझ्या एका मसुद्यातला ‘शैक्षणिक उत्कर्ष’ त्यांनी असा काही खोडला की मला हसू आलं. “ती पोरगी इथं आडकंल, आजा म्हनंल ऱ्हाऊ दे, अन् खत कोनाड्यात जाईल,” ते म्हणाले. मला बी.ए.ला शिकवणाऱ्या कुणी ही गोष्ट सांगितली नव्हती.

मात्र एक गोष्ट ते सगळ्या पत्रांत सारखी ठेवत. शेवटी वसतिगृहातल्या मुलींची नावं, आडनावासकट आणि गावासकट. आमच्याकडे सगळ्या समाजांच्या मुली होत्या, एका पंगतीला जेवत होत्या, आणि ती यादी वाचली की ते कुणालाही कळत असे.

देणगीदारांत त्यांचा एक जिवलग होता, झरीचे माणिकराव. मोठे शेतकरी, बोलायला फटकळ, अक्षरओळख सही आणि आकड्यांपुरती. कधीकाळी त्यांच्या नावाचं एक पत्र नुसतं ‘माणिकराव, झरी’ एवढ्याच पत्त्यावर निघालं होतं. त्या नावाची गावं दोन-तीन. सॉर्टरसाहेबांनी पाठवणाऱ्याच्या गावावरून अंदाज बांधून ते नेमक्या झरीला धाडलं होतं. माणिकराव तो सॉर्टर कोण हे शोधत पूर्णेला आले, आणि तिथून दोस्ती जमली. सणाला एकमेकांकडे जाणं-येणं होतं. मनीऑर्डरच्या कुपनावर मजकुरासाठी असते तेवढ्याशा जागेत माणिकराव नातीकडून काहीतरी खोडसाळ लिहून घेत. ‘सॉर्टर, म्हातारा झालास, आता बस’ असं एकदा आलं होतं. सॉर्टरसाहेबांनी ते मला तीनदा वाचून दाखवलं.

मग अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा आला. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. आपल्याच जिल्ह्यात दलितांची घरं जळाली, एसट्या बंद पडल्या, आमच्या चार मुलींचे वडील रातोरात गाव सोडून आले. बाजारात माणसं आधी समोरच्याचं आडनाव मनात तोलून मगच बोलायला लागली. त्या वर्षीच्या पत्रांची वेळ झाली तेव्हा आमच्या संस्थेचे सचिव मला म्हणाले, ही मुलींची यादी यंदा काही लोकांना खुपेल, तुम्हीच काही मार्ग काढा.

मार्ग मी काढला. तो दुसऱ्या कुणाचा नाही, माझा होता, हे आज स्पष्ट लिहिते. दोन पत्रं करायची. ज्यांच्या आडनावावरून धोका वाटतो त्यांना यादी नाही, नुसतं ‘ग्रामीण भागातील गरजू मुली’. बाकीच्यांना नेहमीचं, नावांसकट.

सॉर्टरसाहेबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचं डुलणं थांबलं. “न्हाई जमायचं बाई. मी खाने सोभावाचे केलेत, आडनावाचे न्हाई.”  मी वाद घातला नाही. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, ते नांदेडला जायचे होते. मी ते जायची वाट पाहिली. ते दवाखान्यात पडून होते त्या आठवड्यात मी सगळी कार्डं खान्यांतून काढली, आडनावांप्रमाणे दोन ढीग केले आणि दोन्ही पत्रं रवाना केली. तेव्हा मला आपण फार व्यवहारी वागलो असं वाटलं होतं.

ते परत आले, डोळ्यावर हिरवी पट्टी. मी त्यांना सांगितलं. ते खान्यांसमोर जाऊन उभे राहिले आणि पाहून म्हणाले, “कार्डं परत लावाय लागतील.” एवढंच. तीन दिवस आम्ही दोघं कार्डं परत लावत होतो, आणि तिसऱ्या दिवशी दारात माणिकराव उभे.

त्यांच्या हातात पाकिटांसकट दोन पत्रं होती. एक त्यांचं. दुसरं त्यांच्या नातीच्या मास्तरांचं, जे आमच्या ‘बाकीच्यां’त होते. त्यांनी दोन्ही माझ्या टेबलावर शेजारीशेजारी मांडली.

“ह्याच्यात पोरींची नावं हायेत. माझ्यात न्हाईत. कामून? नात दरसाल दोनदा वाचती ती नावं. मीच वाचाय लावतो. कोणत्या गावची पोर शिकायलीय, ते मला कळाय पायजे. माझं आडनाव बघून ठरविलं का तुमी, मला काय सांगायचं ते?”

 घरी मी एकटी मिळवती होते. आई आजारी, धाकटा भाऊ शिकत होता. माणिकरावांनी संस्थेत एक शब्द टाकला असता तर सचिवांनी हात वर केले असते आणि माझी नोकरी गेली असती. हे सगळं मला एका क्षणात दिसलं. सॉर्टरसाहेबांनाही दिसलं असावं.

“गल्लत माझी हाय, माणिकराव,” ते म्हणाले. “डोळ्यानं दिसंना झालतं. अर्धंच छापल्यालं खत तुमच्या पाकिटात गेलं.”

माणिकरावांनी आपलं पाकीट उचललं, उलटसुलट करून पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

“तू घातलंस?”

“व्हय, मीच.”

माणिकरावांनी पत्रांची घडी घातली आणि चहाही न घेता निघून गेले.

त्यानंतर त्यांची देणगी कधी चुकली नाही. पण मनीऑर्डरचं कुपन कोरं यायला लागलं. दिवाळीला सॉर्टरसाहेब झरीला गेले, तर माणिकराव शेतावर आहेत असा निरोप मिळाला. संक्रांतीला पाठवलेल्या पत्राचं उत्तर आलं नाही. एके दिवशी मी पाहिलं, त्यांनी माणिकरावांचं कार्ड ‘कापसाचे’मधून काढून खालच्या कोपऱ्यात ‘रुसलेले’मध्ये ठेवलं होतं. त्यासाठी त्यांना वाकावं लागलं. आणि मग आपल्याच नियमाप्रमाणे ते महिन्याकाठी त्यांना पत्र लिहू लागले. काही मागणं नाही, माफीही नाही. अमकी दहावी झाली, तमकीचं लग्न लांबवलं, ती नर्सिंगला गेली.

मी जाऊन खरं सांगते, असं मी त्यांना कितीदा म्हटलं असेल! “असू द्या बाई,” ते म्हणायचे, “तुमची नोकरी पक्की होऊ द्या.” नोकरी पक्की झाली. मग भावाची नोकरी, मग आईचं दुखणं. कारणं मला कधीच कमी पडली नाहीत. त्यांनी मला एकदाच टोकलं, तेही वर्षभराने, कार्डं टाकता टाकता. “तुमी दोन खतं लिवली ह्याचं वाईट न्हाई वाटलं. मी तर पन्नास लिवतो. पण त्यातलं एक अर्धं व्हतं.” त्या वर्षापासून सगळ्यांना नावं पुन्हा जाऊ लागली होती. काही खाने थोडे रिकामे झाले. ज्यांच्याबद्दल मी घाबरले होते त्यांतले बरेचसे मात्र देत राहिले, आणि ते पाहून मला सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी जास्तच लाज वाटत असे.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात सॉर्टरसाहेब गेले. चार दिवसांचा ताप, नंतर छातीत कफ. शेवटच्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “झरीचं काही आलं का?” मी नाही म्हटलं. “या महिन्याचं आपलं गेलं न्हवं?” त्यांनी विचारलं. गेलं, मी म्हटलं. ते गेलं नव्हतं, पण त्या वेळी मला दुसरं उत्तर देता आलं नाही.

माणिकरावांना मी पोस्टकार्ड टाकलं नाही. स्वतः गेले. ते ओसरीवर बसले होते, खूप थकलेले. मी बातमी सांगितली. त्यांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. मग मी सगळं सांगितलं. पत्र माझं होतं, ढीग मी केले होते, सॉर्टरसाहेबांनी माझ्यासाठी खोटं अंगावर घेतलं.

“ते मला त्याच दिवशी ठाऊक व्हतं,” माणिकराव म्हणाले.

“कसं?”

“पाकिटावरला शिक्का बघितला. त्या तारखेला तर मी नांदेडच्या दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून मोसंबी सोलायलो व्हतो. त्याला दिसत नव्हतं, मीच भरविली.”

 “मग तुम्ही त्यांच्याशी बोलणं का सोडलंत?”

“त्यो माझ्याशी कदी खोटं बोलला नव्हता. तोंडावर बोलला, अन् मला ठाऊक हाय हे ठाऊक असून बोलला. त्यो तुमचं नाव सांगणार न्हाई, हे बी मला समजलं व्हतं.” त्यांनी पटका उगाच सरळ केला. “म्हणून तुमची वाट बघायलो व्हतो, बाई. तुमी आला असता तर मी त्याच दिशी पूर्णेला गेलो असतो.”

पूर्णेहून परभणीपर्यंत रेल्वे, पुढे बस. सकाळी निघालं तर माणूस जेवणाच्या वेळेला झरीत पोचतो. मला तिथे पोचायला सहा वर्षं लागली.